गावाच्या वेशीवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे: विरोध करण्याआधी ठरावात काय लिहून घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात नगरपरिषद जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गावात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवणार आहे. त्याची नियंत्रण खोली पोलीस ठाण्यात असेल. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे आणि तुमच्या नगरसेवक मित्राला कळत नाहीये की विरोध करावा की हात वर करावा. कायदा काय म्हणतो आणि पोलिसांवर कोणत्या अटी घालता येतात, असं तुम्ही विचारलंय. शेवटी सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचंही विचारलंय, त्याचं शेवटी सांगतो.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी आणि मोटार अपघात दाव्यांची कामं करतो. त्यामुळे या कॅमेऱ्यांची नोंद कधी माझ्या अशिलाच्या विरोधात येते, कधी त्याच्याच कामाची असते. एवढ्यावरून माझं मत असं झालंय की कॅमेरा बसवावा की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. कॅमेऱ्यासमोरून दिवसभरात जी हजारो वाहनं जातात, त्यातल्या ज्यांनी काहीही केलेलं नाही त्यांची नोंद किती दिवस ठेवायची आणि ती कोण, कशासाठी उघडून बघू शकतो, हा खरा मुद्दा आहे. सभेत भांडायचं तर यावर भांडा.

आधी यंत्र काय करतं ते पाहू, कारण निविदेच्या कागदात ते 'सीसीटीव्ही' या एकाच शब्दाखाली दडपलेलं असतं. साधा सीसीटीव्ही चित्र साठवतो. त्यात तुमची गाडी शोधायची तर कुणाला तरी तासन् तास बसून बघावं लागतं. हा कॅमेरा प्लेटचा फोटो काढतो, त्यावरची अक्षरं वाचून मजकूर करतो आणि नंबर, ठिकाण, वेळ अशी एक ओळ साठवतो. मग दोन वेगळी कामं होतात. पहिलं, तो नंबर चोरीच्या किंवा हव्या असलेल्या वाहनांच्या यादीशी लगेच ताडून बघितला जातो आणि जुळला तर कंट्रोल रूममध्ये इशारा वाजतो. दुसरं, न जुळलेल्या ओळीही पडून राहतात आणि महिन्यांनी कुणी नंबर टाकला की ती गाडी कधी, कुठून गेली याची यादी पडद्यावर येते. पहिल्या कामाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसऱ्या कामाला लगाम हवा. आपल्याकडचे बहुतेक वाद ही दोन कामं एकात मिसळल्यामुळे भरकटतात.

पोलिसांना हे यंत्र का हवं असतं, हे मला माझ्याच कामातून माहीत आहे. रात्री सायकलवरून घरी निघालेल्या माणसाला गाडी उडवून जाते. नंबर कुणी पाहिलेला नसतो. अशा अज्ञात वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेखाली कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला ५० हजार. तीच गाडी सापडली तर विमा कंपनी समोर येते आणि नुकसानभरपाई त्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यावरून ठरते. कमावत्या तरुणाच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. मंगळसूत्र हिसकावणारे, ट्रॅक्टर पळवणारे, एटीएम फोडून रात्रीत जिल्हा ओलांडणारे, यांच्या तपासातही नाक्यावरची एक ओळ आठवड्याची धावपळ वाचवते. म्हणून तुमच्या मित्राने 'कॅमेरे नकोतच' म्हणून उभं राहू नये. सभागृहात तो एकटा पडेल आणि अटींवर बोलायची संधीही हातची जाईल.

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३६अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत नियम १६७अ घातला गेला. त्यात नंबरप्लेट वाचणाऱ्या यंत्राचा नावानिशी उल्लेख आहे. यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं, कॅमेऱ्याच्या आधी ठळक सूचना फलक हवा, गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवावी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपावी, असं तिथे सांगितलंय. पण हा सगळा नियम वेग, सिग्नल, हेल्मेट यांसारख्या वाहतूक गुन्ह्यांपुरता आहे. त्याचा भरही राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर आणि मोठ्या शहरांतल्या चौकांवर आहे. ज्याने काहीच मोडलं नाही त्याच्या नोंदीचं काय करायचं, यावर नियम गप्प आहे. पोलिसांनी ती तपासासाठी किंवा 'लक्ष ठेवण्यासाठी' वापरावी का आणि कशी, हे सांगणारा वेगळा कायदा ना केंद्राने केलाय ना महाराष्ट्राने.

मग लोक म्हणतात की २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे ना? आहे, पण तो इथे उपयोगाला कमी पडतो. त्याच्या कलम १७ मध्ये गुन्हा रोखणं, शोधणं, तपासणं यासाठीच्या वापराला संमती घेण्यापासून आणि ज्याची माहिती आहे त्या माणसाच्या हक्कांपासून सूट आहे. शिवाय काम संपल्यावर माहिती पुसून टाकायचं जे बंधन खासगी कंपनीवर आहे, ते शासनाला लागू नाही असं त्याच कलमात वेगळं लिहिलंय. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते, तीही केंद्राने एखाद्या यंत्रणेला अधिसूचनेने पूर्ण सूट दिली नाही तर. सांगायचं म्हणजे, आपल्याला जी गोष्ट सर्वांत जास्त हवी, म्हणजे पुसण्याची मुदत, ती या कायद्यातून मिळत नाही.

उरतं संविधान. १९६२ साली खरक सिंग प्रकरणात उत्तर प्रदेशच्या एका हिस्ट्रीशीटरच्या घरी रात्री-बेरात्री पोलिसांनी जाणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं होतं, पण त्याच्या जाण्यायेण्यावर पाळत ठेवायला हरकत नाही असं बहुमताने म्हटलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि खरक सिंग निकालाने तो नाकारला होता तेवढा भाग मोडीत काढला. आता सरकारला या हक्कात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. नाक्यावरच्या कॅमेऱ्याचा हेतू रास्त आहे, याबद्दल कुणी वाद घालणार नाही. कायद्याचा आधार मात्र लंगडा आहे, आणि प्रमाण ठरतं ते अटींवर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश याच कसोटीवर रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. म्हणजे कसोटी नुसती पुस्तकात नाही. पण टॅपिंगला निदान गृहसचिवाचा आदेश आणि पुनर्विलोकन समिती तरी आहे, टॅपिंगवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६च्या पीयूसीएल निकालापासून. नंबरप्लेटच्या नोंदीला आजच्या घडीला ठाण्यातल्या पासवर्डपलीकडे काही नाही.

आता साठवणीच्या मुदतीकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे.

जगात या मुदतीवर एकमत नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा न जुळलेला नंबर ३ मिनिटांत पुसायला सांगतो. मेन राज्यात २१ दिवस. व्हर्जिनियात २०२५च्या कायद्याने २१ दिवस. ब्रिटनच्या राष्ट्रीय यंत्रणेत मात्र १२ महिने. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २००८ मध्ये हेसेन आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांचे असे कायदे रद्द केले आणि २०१८ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की न जुळलेला नंबर क्षणात पुसला तरी तपासणी ही हक्कातली ढवळाढवळच आहे, म्हणून तिला सबळ कारण हवं. आणि मुदत घातलीच नाही तर काय होतं हे कॅलिफोर्नियात दिसलं. तिथे २०१६ पासून कायदा लागू आहे. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने चार पोलीस यंत्रणा तपासल्या तेव्हा एकट्या लॉस एंजेलिस पोलिसांकडे ३२ कोटी नोंदी साठलेल्या निघाल्या. त्यातल्या ९९.९ टक्के वाहनांचा नंबर टिपला तेव्हा कोणत्याही यादीत नव्हता. कायद्याने सक्तीचं केलेलं लेखी धोरण त्यांच्याकडे नव्हतंच. कायदा करून भागत नाही, कुणीतरी मोजायला बसावं लागतं, हा यातला आपल्या कामाचा धडा.

आपल्याकडे मुदत किती असावी? माझं उत्तर ३० दिवस. अपघातात माणूस आठवडाभर बेशुद्ध असतो, घरचे दवाखान्यात असतात, तक्रारच उशिरा होते. चोरी झाल्याचं बंद घराच्या मालकाला परगावाहून आल्यावर कळतं. २१ दिवस आपल्याकडे कधीकधी अपुरे पडतील असं मला वाटतं. पण गेल्या दिवाळीत अमुक माणूस कोणत्या गावाला गेला होता, हे ठाण्यातल्या संगणकावर असण्याचं कारण मला सापडत नाही. आमच्याच पेशातले काही जण मला या मुदतीवरून कडक म्हणतात, काही जण ढिला म्हणतात. त्यामुळे ३० या आकड्यावर हटून बसू नका. मुदतीशिवाय ठराव मंजूर होऊ देऊ नका, एवढं मात्र धरून ठेवा.

इथे एक अडचण आहे जी खासगीपणाचे कैवारी सहसा सांगत नाहीत. नोंद लवकर पुसली तर आरोपीचंही नुकसान होतं. माझ्या कामात असं होतं की अशील म्हणतो, घटनेच्या वेळी मी गावात नव्हतो, माझी गाडी अमुक टोलनाक्यावरून गेली होती. तो अटकेत असतो, घरच्यांना वकील मिळेपर्यंत दिवस जातात, आणि आम्ही अर्ज करतो तोवर नोंद गेलेली असते. म्हणून मुदतीबरोबर दुसरी अट जोडा: कोणत्याही गुन्ह्यात तपासी अंमलदाराने, आरोपीने, फिर्यादीने किंवा अपघातग्रस्ताच्या नातेवाइकाने लेखी मागणी केली की तेवढी नोंद बाजूला काढून न्यायालयाचा आदेश येईपर्यंत जपायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय ती मागवू शकतं, पण मागवायला ती शिल्लक तर हवी.

याला जालन्याचा एक दाखला आहे. तिथल्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा तो १४ जुलै २०२० चा निकाल. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे त्यात पक्कं झालं. त्याच निकालात मोबाइल कंपन्यांनी तपासात घेतलेल्या नोंदी वेगळ्या काढून जपाव्यात असंही न्यायालयाने सांगितलं. आता ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. निविदेत ही सोय मागितली नाही तर उद्या कॅमेऱ्याने पकडलेला खरा चोरही या एका कागदापायी सुटेल. हा मुद्दा पोलीस निरीक्षकांना सांगून बघा, ते तुमच्या बाजूने बोलतील.

कुणी म्हणेल, पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तर १८ महिने ठेवा असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं, मग इथे ३० दिवसच का? तिथे पाळत सत्तेवर आहे आणि कोठडीत मारहाण झालेला माणूस तक्रार करायला महिनोन् महिने धजत नाही. इथे पाळत रस्त्याने जाणाऱ्या कुणाहीवर आहे. उलट त्या निकालातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: कॅमेऱ्यांवर देखरेख करायला राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या. जिल्हा समिती तयारच असेल तर नंबरप्लेटच्या नोंदींचा तिमाही आढावाही तिच्यापुढे ठेवायला काय हरकत आहे?

दुसरा लगाम शोधावर. मोबाइलच्या कॉल नोंदी, म्हणजे सीडीआर, हे आपल्याला माहीत असलेलं उदाहरण आहे. २०१३ मध्ये अरुण जेटलींच्या सीडीआर चोरून काढल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांचा एक शिपाईच पकडला गेला. त्यानंतर अशी मागणी पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जावी असं ठरलं. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली आणि त्यात खासगी गुप्तहेर अडकले. कुणाला हव्या असतात या नोंदी? घटस्फोटाच्या दाव्यातल्या नवऱ्याला, धंद्यातल्या भागीदाराला, विरोधी गटाच्या पुढाऱ्याला. गाडीच्या नोंदीलाही हेच गिऱ्हाईक आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात तर पोलीस अधिकाऱ्यांनीच दुरावलेल्या बायकोचा किंवा सोडून गेलेल्या मैत्रिणीचा माग या यंत्रावर काढल्याची प्रकरणं उघड झाली. गाव लहान असेल तर धोका जास्तच, कारण तिथे ठाण्यातला हवालदार, नगरसेवक आणि ज्याची गाडी शोधायची तो, तिघे एकमेकांना ओळखतात.

म्हणून शोधासाठी अट अशी हवी की प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असावं, 'ठाणे१' असलं सामाईक नको. नंबर टाकण्याआधी गुन्हा रजिस्टर क्रमांक, अपघात नोंद किंवा हरवलेल्या व्यक्तीची नोंद भरल्याशिवाय पडदा पुढे सरकू नये. आठ दिवसांच्या आतला शोध ठाणे प्रभारीने मंजूर करावा, त्यापेक्षा जुना उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने. जीव वाचवायची घाई असेल, अपहरण असेल, तर आधी शोध आणि २४ तासांत लेखी कारण. आणि कोणी काय शोधलं याची यादी, जी ठाण्यातल्या कुणालाही पुसता येणार नाही, अधीक्षक कार्यालयात आपोआप जायला हवी. माझा अनुभव असा की कडक शिक्षेच्या तरतुदीपेक्षा ही यादी जास्त काम करते. आपलं नाव नोंदलं जातंय हे माहीत असलं की 'जरा बघून सांग ना' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं सोपं होतं.

तिसरं, ज्यांच्याशी नंबर ताडला जातो त्या चोरीच्या किंवा हव्या असलेल्या वाहनांच्या याद्या. इशारा वाजला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ मध्ये कॅमेऱ्याने ३ चा ७ वाचला आणि एका निर्दोष बाईला रस्त्यावर बंदुकीच्या धाकात गुडघ्यांवर बसवलं गेलं. चोरीची गाडी राखाडी ट्रक होती, तिची साधी लाल कार. फोटोकडे कुणी नीट पाहिलंच नाही. कोलोराडोच्या ऑरोरा शहरात २०२० मध्ये नंबर बरोबर वाचला गेला, पण तो दुसऱ्या राज्यातल्या चोरीच्या मोटारसायकलचा होता. ऑरोरात एका कुटुंबातल्या लहान मुलींना तापल्या डांबरावर पालथं झोपवलं. शहराला पुढे १९ लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडे तर ४१४१ चं 'दादा' आणि २१४ चं 'राम' करणारे कलाकार गल्लोगल्ली आहेत, उसाच्या हंगामात ट्रॉलीला नंबर असलाच तर चिखलाखाली असतो, आणि बनावट प्लेटचा धंदा वेगळाच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन एर्टिगा समोरासमोर आल्या. कर्जाचे हप्ते थकलेल्या एकाने वसुलीवाल्यांना चुकवायला नंबरचा शेवटचा आकडा बदलला होता आणि त्याची चलनं खऱ्या मालकाला येत होती. तेव्हा अट साधी: इशारा वाजल्यावर फोटो आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरचा गाडीचा प्रकार, रंग, कंपनी-मॉडेल हे माणसाने डोळ्यांनी ताडल्याशिवाय गाडी अडवायची नाही. चोरीची गाडी सापडली की नंबर २४ तासांत यादीतून काढायचा. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण परत मिळालेली स्वतःचीच गाडी चालवताना अडवले गेलेले मालक मी पाहिलेत.

यादीत कोण येऊ शकतं हेही लिहून घ्या. ब्रिटनमध्ये जॉन कॅट नावाच्या म्हाताऱ्या शांततावादी आंदोलकाच्या गाडीवर पोलिसांनी खूण लावून ठेवली होती. २००५ मध्ये मुलीबरोबर लंडनला जाताना त्याला थांबवून झडती घेतली. गुन्हा काहीच नव्हता. त्याच्या निदर्शनांच्या नोंदी ठेवण्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये ब्रिटनला दोषी धरलं. आपल्याकडे मोर्चे, उपोषणं, दूध आणि कांद्याची आंदोलनं हे रोजचं राजकारण आहे. तुमच्या मित्राच्या पक्षाचे लोक आज सत्तेत असतील तर त्याला विचारा, उद्या विरोधात गेल्यावर ही यादी कोणाच्या हातात असेल? सभागृहात हा एकच युक्तिवाद सगळ्या बाकांवर पटतो.

जागांबद्दल तुमच्या गावाला नेमका लागू पडणारा दाखला इंग्लंडमधल्या रॉयस्टन या लहान गावाचा आहे. हर्टफर्डशायर पोलिसांनी तिथे कॅमेरे असे लावले की नोंद झाल्याशिवाय गाडीने गावात शिरता किंवा गावाबाहेर पडता येईना. जुलै २०१३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्ताने ती योजना बेकायदेशीर ठरवली, कारण एवढ्याची गरज काय हे पोलिसांना दाखवता आलं नाही. बर्मिंगहॅममध्ये २०१० साली मुस्लिम वस्त्यांभोवती दहशतवादविरोधी निधीतून दोनशेच्या वर कॅमेरे लावले गेले. लोकांना सांगितलं होतं की ते साध्या गुन्ह्यांसाठी आहेत. खरं कळल्यावर एवढा संताप झाला की आधी कॅमेऱ्यांवर पिशव्या घातल्या आणि मग ते काढले. तुमच्या प्रस्तावात प्रत्येक जागेपुढे कारण लिहिलेलं आहे का ते बघा. वारंवार अपघात होणारी जागा, चोऱ्यांचा मार्ग, महामार्गाचा फाटा, अशी कारणं चालतील. 'सर्व प्रवेशमार्ग' हे कारण नव्हे. आणि एखाद्याच मोहल्ल्याच्या तोंडाशी दोन कॅमेरे असतील तर आत्ताच विचारा.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी सांगतो. तुमच्याकडे निवडून आलेलं सभागृह आहे की प्रशासक, यावर मार्ग ठरतो. प्रशासक असेल तर मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना, सभागृह असेल तर ठरावाला उपसूचना. निधी कुणाचा आणि मालकी कुणाची यावरही फरक पडतो. यंत्रणा नगरपरिषदेच्या नावावर राहिली तर पोलिसांना नोंद मागायला पत्र द्यावं लागतं, कागद मागे राहतो, पण मग पासवर्ड नगरपरिषदेतल्या कुणाच्या हातात जाईल याचा विचार करा. मला स्वतःला ताबा पोलिसांकडे आणि शोधांची यादी अधीक्षकांकडे ही रचना कमी वाईट वाटते. ठेकेदाराला काम सुरू करायचा कार्यादेश निघून गेला असेल तर अटी घुसवणं अवघड, मग देखभालीच्या कराराच्या वेळी पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

कारण, खरं सांगायचं तर, नियम बनतात ते निविदेत. '३० दिवसांनी आपोआप पुसणे', 'शोधनोंद न बदलता येणारी' हे तांत्रिक तपशिलात असेल तर ठेकेदार ते देतो. नुसतं ठरावात असेल तर दोन वर्षांनी 'सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही' असं उत्तर येतं. तिथेच हेही लिहा की नोंदींवर कंपनीचा हक्क नाही, त्या तिच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला, वसुली एजंटाला किंवा विमा कंपनीला जाणार नाहीत, सर्व्हर देशात राहील, करार संपताना सगळं सुपूर्त करून पुसल्याचं प्रमाणपत्र देईल. नियंत्रण खोलीत बसणारी मुलं बहुधा ठेकेदाराची कंत्राटी असतात. त्यांना इशारे दिसावेत, जुना शोध दिसू नये.

आता लगेच करायच्या गोष्टी. प्रस्तावाची टिपणी, अंदाजपत्रक आणि निविदेचा मसुदा माहिती अधिकारात मागवा. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला तर अपिलात जा, कारण तुम्ही कुणाच्या गाडीची नोंद मागत नाही, धोरण मागताय. उपसूचनेत पाच गोष्टी पुरेत: ३० दिवसांची मुदत आणि मागणीवर जतन, गुन्हा क्रमांकाशिवाय शोध नाही आणि प्रत्येक शोधाची नोंद, इशाऱ्याची डोळ्यांनी खात्री, माहिती बाहेर न देण्याची अट, आणि दर तिमाहीला आकडे जाहीर करणं. आकडे म्हणजे किती नंबर वाचले, किती जुळले, किती चुकीचे निघाले, किती शोध झाले. यातून कुठलाही तपास बिघडत नाही. पाचपैकी दोनच मिळत असतील तर मुदत आणि शोधाची नोंद घ्या, बाकीचं पुढच्या सभेत.

सोसायटीच्या गेटचं: तो कॅमेरा तुमच्या संस्थेचा आहे, त्यामुळे माहिती पुसण्यातून शासनाला मिळालेली सूट त्याला लागू नाही. २०२३च्या कायद्याची बंधनं जसजशी अमलात येतील तसतशी ती संस्थेवर येतील. आत्ताच कार्यकारिणीत ठराव करून मुदत १५ दिवस ठेवा, पडदा सचिवांच्या मोबाइलवर फिरू देऊ नका. पोलीस तोंडी मागायला आले तर नम्रपणे कलम ९४ची लेखी नोटीस मागा, तिची प्रत दप्तरी लावा आणि दिलेल्या फाइलची पोच घ्या. पोलिसांना यात अपमान वाटत नाही. उलट कोर्टात तेच कागद त्यांना लागतात.